मुंग्यांच्या आतला चेहरा

बारावीच्या क्लाससाठी माझी भाची लोह्याहून लातूरला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा पुस्तकांसोबत तिने भयपटांचे वेडही आणले. रविवारची चाचणी संपली की भरदुपारी खिडक्या लावून ती संगणकापुढे बसे. कुणा हरवलेल्या पोरांच्या कॅमेऱ्यात सापडलेले म्हणून दाखवलेले ते चित्रण. भूत यायच्या आधी पडद्यावर नेमक्या मुंग्या येत, आडव्या रेघा थरथरत, आवाज खरखरे.

“भूत दारात आल्याचं कॅमेऱ्याला आधीच कसं कळतं गं?” मी विचारले.

“मावशी, तुझं काहीतरीच! भ्यायचं सोडून चुका काढून राहिलीस.”

चुका दिसत, कारण मुंग्यांशी माझी जुनी ओळख होती. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीपासून आमच्याकडे कॅसेटी भाड्याने देण्याचा धंदा होता. खऱ्या मुंग्या भुताला भिऊन येत नाहीत. गिऱ्हाईक जे दृश्य पुन्हापुन्हा थांबवून बघते, तिथे यंत्राचे फिरते डोके, म्हणजे हेड, फितीला घासत राहते आणि तेवढीच जागा झिजते. परत आलेली कॅसेट लावली की कुणाचा जीव कुठे अडकला होता, ते मला न विचारता कळे.

त्याच दिवसांत औशाजवळच्या गावाहून काकू आली. पदराखालून तिने कॅसेट काढली. प्लास्टिकला तिच्या अंगाची ऊब होती, आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास.

“ही शीडीवर करून दे. लई खराब झालीय. एकदा तरी नीट दिसली पायजे.”

काकूच्या लेकीचे, माझ्या चुलत बहिणीचे, हे लग्न. उन्हाळ्यात ती सासरी गेली. गणपती बोळवून गाव झोपले, आणि पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती तिच्यावर आल्या. लग्नाचे फोटो सासरीच होते, तेही गेले. शूटिंगवाल्याने कॅसेट आणून दिली ती त्यानंतर. तिचा मोठेपणीचा चेहरा आता या फितीखेरीज कुठेच नव्हता.

दर दिवाळीला काकू आमच्याकडे येऊन ती कॅसेट लावी. जेवणाच्या पंगतीत नवरी हातात घास धरून मान वर करते, तिथे ती स्वतः बटण दाबून चित्र थांबवी. चेहरा बघून झाला की यंत्रच बंद करी. पुढची पाठवणी तिला बघवत नसे.

भाचीने आमच्या जुन्या व्हीसीआरची वायर संगणकाला जोडली. मी फीत बोटाने किंचित फिरवून पाहिली. एका जागी काळी चकाकी जाऊन ती पांढुरकी, चुरगळलेली झाली होती. पुन्हा एकदा चालवताना तिथेच तुटायची भीती होती.

“तुटंल का?” काकूने विचारले.

“तुटू शकते, काकू.”

तिने डोळे मिटले. “लाव.”

मांडव दिसला. हळदीने पिवळे झालेले हात, वाजंत्र्यांचे फुगलेले गाल, मग पंगत. पहिली रेघ आली तशी भाचीने माझा दंड घट्ट धरला. यंत्रातून बारीक करकर येऊ लागली. नवरीने मान वर केली आणि सगळा पडदा मुंग्यांनी भरला. कपाळाची एक कड दिसली, तीही विरघळली.

“गेली,” काकू म्हणाली.

भाचीचा हात बटणाकडे गेला, आणि मुंग्यांच्या आतून बायकांचा गलका ऐकू आला.

“नाव घे! नाव घेतल्याबिगर घास न्हाई!”

“घेते की! थांबा जरा!”

आवाज स्वच्छ होता, किंचित घोगरा, हसू दाबलेला. थांबवलेल्या फितीवर चित्र झिजते, आणि तिचा चुरा डोक्याला चिकटला की पुढचेही दिसत नाही. आवाजाची पट्टी मात्र फितीच्या कडेला असते आणि तिला काही होत नाही. हे मला ठाऊक असून सुचले नव्हते. आणि काकूने या जागेपुढे कॅसेट कधी जाऊच दिली नव्हती. लग्नात या वेळी ती चुलीपाशी पुऱ्या लाटत होती.

“मांडवाच्या दारात जोंधळ्याची रास,” मुंग्या बोलल्या. मग नवऱ्याचे नाव बायकांच्या हसण्यात बुडाले. “नाव घेतलं बायांनो, पुरे आता त्रास!”

यमक साधेच होते. मात्र शेवटच्या शब्दावर तिने दिलेली ती खोडकर लांबण! ती शिकून येत नाही.

“तिनं जुळवला का गं हा?” काकूने मला विचारले. “का कुणी शिकवला?”

“तिनंच, काकू. ऐनवेळी जुळवलाय.”

“बया!” काकू तोंडाला पदर लावून हसू लागली. भाचीने विचारले, “आजी, मागं घेऊ का?”

“नको. चालू दे,” काकू म्हणाली, आणि पडद्याकडे पाठ करून स्पीकरला कान लावून बसली. पाठवणीची सनई सुरू झाली, तरी ती उठली नाही.