किती मण?

आमच्या घणसोली गावात सगळे पानी प्यायचे. पाणी बाहेरचे लोक पीत. या एका अक्षरापायी मला ठाण्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या मुलाखतीतून परत पाठवलं होतं. "आधी भाषा सुधारा, मग मुलांना शिकवा," असं तिथल्या एक बाई म्हणाल्या आणि मी घरी येईपर्यंत रागाने धुमसत होते. शिक्षिका व्हायचं हे मी लहानपणीच ठरवलं होतं. मामाने मात्र बजावलं, पुढच्या खेपेला जमलं नाही तर लग्न उरकून टाकायचं.

मग वर्षभर रोज संध्याकाळी माझी परीक्षा चाले. वडील मिठागरात कामाला होते. ते आले की ओट्यावर बसत, मी समोर उभी राहून मोठ्याने धडा वाची, आणि ण चुकला की ते हात वर करत. एकदा मी वैतागून ओरडले, "तुला तरी कुटं येतो?"

"मना बोलाला नाय येत, पन आयकाला येतं," ते शांतपणे म्हणाले. "वाच, बाय."

कितीदा वाटलं, पुस्तक खाडीत भिरकावून द्यावं. मामाचा निरोप आला की जीभच वळत नसे. पण दुसऱ्या दिवशी वडील पाय धुवायच्या आधीच "वाच" म्हणत, आणि मला पळवाट उरत नसे.

दुसऱ्या मुलाखतीला त्याच बाई समोर होत्या. धडा वाचला, एकही ण चुकला नाही. मला हायसं वाटलं, तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "फावल्या वेळात काय करता?"

"वाचते. वाचनात माझं मण रमतं."

"किती मण?" त्यांनी विचारलं, आणि सगळे हसले.

डोळ्यांपुढे मामा उभा राहिला. आणि मग माझा नेहमीचा राग मदतीला धावून आला.

"सर, गेल्या वर्षी ण येत नव्हता म्हणून घालवलंत. वर्षभर घोकला, तर आता नको तिथंही यायला लागलाय. आणखी एक वर्ष दिलंत तर त्याला जागेवर बसवीन. पण वर्गात बसवलंत तर लवकर बसेल."

कोणी हसलं नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी बाकावर जाऊन बसले. आपण उद्धटपणा केला, सगळं घालवलं, असंच वाटत होतं. शेवटी शिपायाने निवड झालेल्यांना आत बोलावलं, त्यात मी होते.

घरी पोचले तर वडील कामावर न जाता दारातच उभे होते.

"झाला का?"

"झाला."

ते आत गेले आणि तांब्या घेऊन आले. ओठ नुसतेच हलले, मग एकेक अक्षर जपून उचलत ते म्हणाले, "पाणी पी, बाय."

ण अगदी जागेवर होता. मिठागरात एकट्याने कधी घोकला होता, देव जाणे. मला रडू आवरेना.

"दे बाबा," मी म्हटलं, "पानी दे."