आतली वाट

ब्लाझेना हुडकोवाने उमेदीची सगळी वर्षं दुसरीला जिंकवण्यात घालवली. मैदानावर अशा धावणारीला ससा म्हणतात. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे राहायचं, वेग बांधून द्यायचा, आणि शेवटच्या फेरीत मागची पावलं जवळ वाजली की आतली वाट सोडून बाहेर सरायचं. प्रेरॉवच्या क्लबात रेनाता होती, आठशे मीटरमध्ये देशातली पहिली, आणि रेनाताच्या पुढे पळायला ही. राबायचं एकीने, मिरवायचं दुसरीने. ब्लाझेनाने कधी कुरकुर केली नाही. कारखान्यातून सरावाला सुट्टी मिळायची तीच मुळी या कामासाठी.

तिशीला टेकली तेव्हा एकदाची तिची पाळी आली. ऑलिम्पिकसाठी देशातून दोनच जागा होत्या. रेनाताचं नाव आधीच पक्कं झालं होतं, त्यामुळे ऑस्ट्रावाच्या निवड-शर्यतीत ती पळणार नव्हती. दुसरी जागा तिथे पहिली येईल तिची. ही हुकली तर पुढच्या खेपेला ब्लाझेनाला कोण विचारणार?

प्रशिक्षक कुबीनने तिला बाजूला घेतलं.

"आज तुझ्या मागे आपलं कुणी नाही. डोक्यात शिरलं का?"

"हो, सर."

"हो सर, हो सर! जन्मभर तेवढंच केलंस. आज शिव्या घाल मला, पण रेघ ओलांडेपर्यंत थांबू नकोस."

आई पहिल्या रांगेत बसली होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये लसणाचं सूप वाढण्यात तिचा जन्म गेला. मुलगी परदेशी चालली म्हणून तिने अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं, जिना पुसणाऱ्या बाईलासुद्धा.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ब्लाझेना पुढे होती. शेवटचं वळण तिने पुढे राहूनच काढलं. समोर रेघ दिसली, आणि मागे पावलं वाजली. लोक काही म्हणोत, तिने काहीही ठरवलं नव्हतं. पाय आपसूक उजवीकडे सरकले, इतकी वर्षं सरकत आले तसेच. आत जेमतेम एका माणसापुरती फट पडली, आणि ब्रनोची एक कोवळी पोर त्यातून सुळकन पुढे निघून गेली. ब्लाझेना दुसरी आली.

पोर येऊन गळ्यातच पडली. "ताई, तुम्ही मला वाट दिलीत! मला?"

ब्लाझेनाने तिचे हात गळ्यातून सोडवले.

"जित्याची खोड!" कुबीन म्हणाला, आणि टोपी मुठीत चुरगाळत चालता झाला.

तिकडे रेडिओवाला मात्र तिच्या मोठ्या मनाचे गोडवे गात सुटला होता. झालं! कारखान्याने सत्कार ठरवला. खिलाडूवृत्तीचं मानपत्र, काचेची फुलदाणी, वर बँड. ब्लाझेनाने भर सभेत संचालकांना सांगितलं, "अहो, मी नाही दिली वाट. चुकून झालं ते."

"बघा! मोठेपणा म्हणतात तो हाच," संचालक म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. हरण्याचं दुःख तिने कसंही गिळलं असतं. पण ती हरली हेच कुणी मानायला तयार नव्हतं, मग रडायचं तरी कुणापाशी?

घरी आई कपाटावर फुलदाणीसाठी जागा करत होती.

"आई, तुझी शपथ. मला जायचं होतं गं. मी नाही दिली वाट."

आईचा हात थांबला. ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढ्या माणसांत तिला एकटीला ते पटलं.

"कुणाला बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "आता आपल्याकडे तेवढंच आहे."

ब्लाझेना पुन्हा ते कुणाला बोलली नाही. पुढे शाळाशाळांतून बोलावणी येत, मुलांना मोठ्या मनाची गोष्ट सांगायला. ती जायची, आणि सांगायची.