पायानं साप मारणारा पक्षी

दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेच्या तुकडीत होतो, तेव्हा आमच्या टेहळणीच्या मनोऱ्यासमोर नुसतं गवताळ माळरान होतं. तिथं रोज सकाळी पक्ष्यांची एक जोडी यायची, तीही चालत. पंख असून उडायचा कंटाळा. अंग गरुडाचं, पाय बगळ्याचे, डोक्यामागं काळी लांब पिसं आणि मांड्यांवर हाफ चड्डी घातल्यासारखा काळा रंग. इंग्रजीत त्याला सेक्रेटरी बर्ड म्हणतात. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आयुष्यात कधी एवढा चालला नसेल.

उंब्रजजवळ आमचं गाव. तिथं वडिलांना, म्हणजे आप्पांना, मी फोनवर या पक्ष्याचंच सांगायचो. बाकी तिथं जे दिसत होतं ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. हा गवतात पाय आपटत चालतो, सरडा नाहीतर साप हलला की त्याला लाथा घालून मारतो आणि आख्खा गिळतो.

"पायानं साप मरतोय व्हय रं?" आप्पा म्हणायचे. "आमी जलमभर उसात पाय आपटतोय, साप पळावा म्हणून. आन ह्यो गडी साप घावावा म्हणून आपटतोय? दाव की मग."

डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवत नसत. मी मिलिटरी कॅन्टीनमधून आणलेले गमबूटही त्यांनी खुंटीला टांगून ठेवले होते. बूट चिखलात रुततो, म्हणायचे. मग मीही हट्टाला पेटलो. ड्युटी संपली की मोबाईल धरून बसायचो. पक्षी टोळ खायचा, सरडे खायचा, साप काही निघायचा नाही. फोनवर आप्पांचा पहिला प्रश्न, "मारला का साप?" माझी तब्येत नंतर.

एका सकाळी मारला. कुंपणाला लागूनच साप फणा काढून उभा राहिला आणि पक्ष्यानं पंख अर्धे उघडून त्याच्या डोक्यावर दणादण लाथा घातल्या. सगळं मोबाईलमध्ये आलं. पण पावसानं नेटवर्क गेलं होतं. ते आलं तेव्हा आधी धाकट्या भावाचा निरोप आला. आप्पा उसाचा पाला काढायला शिरले होते, नेहमीसारखे पाय आपटत. धामण असती तर पळाली असती. घोणस जागची हलत नाही. कराडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

रजा मंजूर झाली, पण तेराव्याच्या आत विमान नव्हतं. मला काहीच वाटलं नाही. जेवलो, ड्युटीवर गेलो. आपल्याला काही वाटत कसं नाही, याची मात्र भीती वाटली.

दहाव्याला भावानं नदीवरून व्हिडिओ कॉल लावला. पिंडाला कावळा शिवत नव्हता. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. मग एकेक जण आप्पांना शब्द द्यायला लागला. भाऊ म्हणाला, रान नीट बघीन. चुलते म्हणाले, तुमच्या पोरीचं लग्न आमी लावून देतो. मग त्यांनी फोन तोंडासमोर धरला.

"आता तू बोल. नोकरी सोडून येतो म्हन. त्येच मागं ऱ्हायलं असंल त्यांचं."

मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "आप्पा, मारला त्यानं साप. पायानंच. व्हिडिओ हाय माझ्याकडं."

चुलत्यांनी फोन बाभळीकडं फिरवला. कावळा काही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

तिथली मुदत संपवून घरी आलो, तेव्हाही डोळे कोरडेच. मिलिटरीनं पोरगं दगड केलं, असं भावकी म्हणत होती. त्यांचं चुकत नव्हतं. दिवस कलताना मी पडवीत बसलो होतो, तर आई शेजारी येऊन टेकली.

"त्यो व्हिडिओ दाव."

मी दाखवला. तिनं शेवटपर्यंत पाहिला, मग परत लावायला सांगितला.

"आन पक्ष्याला न्हाई डसला?"

"न्हाई. लांब पाय असत्यात त्याचं. वर जाड खवलं."

आईनं खुंटीकडं पाहिलं. गमबूट तिथंच होते, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच चिकटलेली.

"ह्यांचं पाय उघडं हुतं," ती म्हणाली.

तेव्हा मला रडू आलं, आणि ते लवकर थांबलं नाही.