टेकावर चढेल अशी सायकल

अंजना बिरदेव कोळेकर चोविसाव्या वर्षी सावरदऱ्याच्या टपाल कचेरीत डाकसेवक म्हणून रुजू झाली, तोवर ती कधी डोंगर चढली नव्हती. ती जत तालुक्यातली. तिच्या घरची मेंढरं होती, पुढं थोडं डाळिंब आलं, पण जमीन सगळी ताटासारखी सपाट. दहावीला मार्क भरपूर होते, त्या मार्कांवर यादीत नाव लागलं आणि नेमणूक आली ती थेट सातारा जिल्ह्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला. मेढा नेमकं कुठं आहे ते तिनं मोबाइलवर बघितलं.

सोडायला बाप आला होता. बिरदेवानं एस्टीतून उतरून चारी बाजूंचे डोंगर बघितले आणि म्हणाला, "मेंढरास्नी बरं हाय. मानसाचं अवघड हाय." मग तो परतीच्या गाडीनं निघून गेला.

कचेरी म्हणजे ग्रामपंचायतीतली अर्धी खोली. राहायला धोंडुबाई नावाच्या एकट्या बाईच्या घरातला पुढचा सोपा. नऊच्या एस्टीनं टपालाची पिशवी यायची. गावाच्या हद्दीत सात वाड्या होत्या आणि शेवटची टेकावरची वाडी साडेसहा किलोमीटर लांब, सगळी चढाची. रस्ता जीप जाईल एवढाच, मुरमाचा, पावसानं मधोमध चर पडलेला. खालच्या वाड्यांचं टपाल रोज जायचं आणि वरच्या वाड्यांचं आठवड्यातून दोनदा. आधीचा माणूसही पायीच जात होता, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. अंजनानं वर्षभर तसंच केलं.

टेकावर लालासाहेब शिंदे राहायचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेली. मुलगा जयराज पुण्यात नोकरीला होता, सून टेकावरच राहायची. तो दर महिन्याला बापाची औषधं पार्सलनं पाठवायचा. एका शुक्रवारी अंजना पार्सल घेऊन वर पोचली, तर म्हातारा ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरावी तशा गोळ्या कातरत होता.

"आबा, ह्ये काय करताय?"

"अर्ध्या करतूय. संपाय आल्या हुत्या. म्हटलं पार्सल येस्तवर पुरवाव्या."

"पार्सल मंगळवारीच आलंय," ती म्हणाली. म्हणायची गरज नव्हती, पण तिच्या तोंडून निघून गेलं.

लालासाहेबांनी पार्सल उलटंसुलटं करून बघितलं. "असूंदे. तू एकटी हायस, ड्यूटी सात वाड्यांची हाय," एवढंच ते बोलले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. उतरताना तिच्या डोक्यात तो अडकित्ता होता. घरी आल्यावर तिनं धोंडुबाईला सांगितलं, की सायकल घ्यायची. स्कूटर तिला परवडणारी नव्हती, लायसन नव्हतं, आणि पावसाळ्यात दरड आली की ती वाट स्कूटरला बंदच व्हायची. सायकल उचलून तरी नेता येते. आठवीत शाळेतून मिळालेली सायकल तिनं तीन वर्षं चालवली होती. बाजूला टाकलेले दहा-एक हजार रुपये होते. त्यात बसेल ती सायकल हवी होती.

लालासाहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांचं मत तयारच होतं. गोठ्यात त्यांची जुनी काळी सायकल होती, तिच्यावरची पोती त्यांनी स्वतः काढली. "ही ने. फुकट ने. असल्या सायकलीवर आमी मैलोन् मैल गेलोय. ह्याला काय हुत न्हाई."

अंजनानं ती नेली. सायकलीला खरोखरच काही झालं नाही. चढावर मात्र ती म्हशीसारखी जड होती, सगळी वाट ढकलत न्यावी लागली. उतरताना ब्रेकच्या सळया नुसत्या वाजत राहिल्या आणि पाय टेकवून टेकवून अंजनाच्या चपलेचा तळ फाटला. चार दिवसांनी तिनं ती पुसून परत नेऊन दिली. "आबा, सपाटीला चांगली हाय," ती म्हणाली. लालासाहेब जरा घुश्शात होते, पण त्यांनी फाटकी चप्पल बघितली आणि सायकल परत गोठ्यात नेऊन लावली.

पुढच्या सुट्टीला ती साताऱ्याला गेली. सायकलच्या मोठ्या दुकानात विश्वजित नावाचा तरुण मालक होता. नीट बोलणारा. त्यानं समोरच उभी केलेली लाल-पिवळी सायकल दाखवली. पुढं शॉकर, मागं शॉकर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, जाडजूड टायर, एकवीस गिअर.

"डोंगरासाठीच आहे मॅडम ही. तुमचं बजेट थोडं ताणलं की बसते."

अंजनाला ती सायकल फार आवडली. एवढी देखणी वस्तू आपली असावी असं तिला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. पिशवीतल्या पाकिटावर तिचा हातसुद्धा गेला. पण लहानपणी ती बापाबरोबर आटपाडीच्या बाजारात जायची. बिरदेव पहिल्या फेरीत कधी मेंढा घ्यायचा नाही. लोकर कितीही दाट असो, तो मालकाला म्हणायचा, जरा चालवून दाव. ती सवय तिच्या अंगात भिनलेली होती.

"चालवून बघू का?"

दुकानापुढची गल्ली सपाट होती. ती मागच्या चढाच्या बोळात शिरली. पायडल मारलं की मागचा शॉकर दबायचा, सीट खाली जायची, वर यायची. ती झोपाळ्यावर बसल्यासारखी हलत होती आणि सायकल पुढं सरकत नव्हती. पायातला जोर मधेच कुठंतरी मुरत होता. का ते तिला कळलं नाही, पण काहीतरी खटकलं हे कळलं.

"येते परत," ती म्हणाली.

"ऑफर आजच्यापुरतीच आहे हं."

"असूंदे," असं म्हणून ती एस्टी स्टँडवर गेली. गाडीत बसल्यावर तिला वाईट वाटलं. मेढा येईपर्यंत तिनं दोनदा मनात ती सायकल विकत घेतली.

धोंडुबाईचा भाचा वाईला मास्तर होता. त्याच्याकडून कळलं, की वाईत जोतिबा म्हणून एक सायकल दुरुस्त करणारा आहे, पसरणीचा घाट चढायला येणारे पुण्याचे सायकलवाले त्याच्याकडं थांबतात. अंजना पुढच्या रविवारी तिथं गेली. पत्र्याचं खोपटं, छताला टांगलेल्या जुन्या चेन, दारात पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. जोतिबा पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला.

"काका, डोंगर चढाय कुठली सायकल चांगली?"

"इकणाऱ्याला इचार."

"त्येलाच इचारलं आधी. म्हणून तर तुमच्याकडं आले."

त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि परत कामाला लागला. चांगली सायकल म्हणशील तर ती इथं येतच नाही, एवढं मात्र तो पुटपुटला. अंजना पायरीवर बसली. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत ती तिथून हलली नाही. कोण येतं, काय बिघडलंय म्हणतं, जोतिबा काय बदलतो, ते बघत राहिली. मागं-पुढं शॉकरवाल्या तीन सायकली आल्या. एकीचा मागचा सांधा इतका ढिला झाला होता, की चाक डावीउजवीकडं डुलत होतं. दुसरीच्या डिस्क ब्रेकचा सुटा भाग मिळत नव्हता, तिचा मालक आठ दिवसांपासून खेटे घालत होता. एक दूधवाला आला, त्याच्या सायकलीला मागं शॉकर नव्हता, फ्रेम साधी, ब्रेक रबराचे. हवा भरली आणि तो गेला.

"काका, तेची किती वर्सांची हाय?"

"सात-आठ झाली असतील."

दोन वाजता जोतिबानं तिला एक चाक धरायला सांगितलं. तिनं धरलं. मग त्याचं तोंड उघडलं.

"ह्ये बघ पोरी, पैसा थोडा असला की सायकलीत जेवढ्या कमी वस्तू तेवढी बरी. सस्ता शॉकर म्हंजे नुसतं वजन. ब्रेक रबराचं घे, रबर मेढ्यातबी मिळंल. गिअर एकवीस का अठरा त्ये मोजत बसू नगंस. मागच्या चाकाची सगळ्यात मोठी दात्यांची चकरी केवढी हाय त्ये बघ. चढाला ती कामाला येती. आन् हिकडं ये."

त्यानं तिला एका सायकलीच्या दांडीवर दोन्हीकडं पाय टाकून उभं केलं. दांडी तिला टेकत होती. "ही तुझी न्हवं. चार बोटं जागा राहिली पायजे. न्हाईतर घसरलीस की लागंल. तुझ्या उंचीची सायकल दुकानात पुढं ठेवत न्हाईत, आत मागायला लागती."

हे सगळं तिनं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. जोतिबानं चहा पाजला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या खेपेला ती परत विश्वजितच्याच दुकानात गेली. या वेळी तिच्या खांद्याला टपालाची पिशवी होती आणि पिशवीत टपालाच्या वजनाची म्हणून आठ किलो ज्वारी. विश्वजितनं तिला ओळखलं. लाल-पिवळी सायकल विकली गेली होती.

"मागं शॉकर नसलेली, रबरी ब्रेकची, लहान फ्रेमची दाखवा," ती म्हणाली.

तो विचारात पडला. मग गोदामातून एक राखाडी सायकल काढून आणली. धुळीनं माखलेली, पुढच्या काट्यालाही शॉकर नव्हता. "दोन वर्षं पडून आहे. कुणी बघतच नाही मॅडम. दिसायला काही नाही हिच्यात."

अंजना दांडीवर उभी राहिली, चार बोटं जागा होती. मागची मोठी चकरी जवळजवळ तिच्या तळहाताएवढी रुंद होती. कॅरिअर बसवायला फ्रेमला भोकं होती. चाक फिरवून बघितलं, सरळ फिरलं. टायर मात्र पडून पडून कडक झाले होते, कडेला बारीक चिरा होत्या. ती म्हणाली, "टायर नवीन घालून द्यायचे." तो हो म्हणाला. कॅरिअर बसवून झाल्यावर तिनं ज्वारीची पिशवी मागं बांधली, आपलं ओळखपत्र गल्ल्यावर ठेवलं आणि गावाबाहेरच्या बोगद्याच्या चढाकडं गेली.

चाळीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा विश्वजित रस्त्यावर येऊन उभा होता. "मला वाटलं गेलात मेढ्याला," तो हसत म्हणाला, पण जीव भांड्यात पडल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. ती घामानं निथळत होती. "मागचा ब्रेक वाजतोय," ती म्हणाली. त्यानं तो नीट करून दिला. पडून असलेला माल म्हणून दरही कमी लावला. उरलेल्या पैशात तिनं पंप घेतला, जादा ट्यूब घेतली.

घेतली म्हणून लगेच काही उजाडलं नाही. पहिल्या आठवड्यात निम्मी वाट ती उतरून ढकलतच होती. मांड्या भरून यायच्या. वाटेत दगडावर बसून श्वास घ्यायची, तेव्हा गुरं राखणाऱ्या बायका थट्टा करायच्या. धोंडुबाई रोज रात्री तिला तेल लावायला द्यायची आणि विचारायची, "पोरी, सायकल तुला नेती, का तू सायकलीला?" तिसऱ्या महिन्यात एक वळण सोडलं तर ती कुठंच उतरत नव्हती. वरच्या वाड्यांना टपाल आठवड्यातून चारदा जायला लागलं. ज्या दिवशी पार्सल यायचं, त्याच दिवशी ते टेकावर पोचायचं. लालासाहेबांनी पहिल्यांदा सायकल बघितली, अंगठ्यानं टायर दाबला, एका हातानं उचलली. "हलकी हाय," ते म्हणाले. पुढं त्यांनी काळी सायकल भंगारात घातली, पण तिची पितळी घंटी काढून ठेवली आणि जयराज दिवाळीला आला तेव्हा त्याच्याकडून अंजनाच्या हँडलला बसवून घेतली.

दुसऱ्या पावसाळ्यात ती पडली. टेकावरून उतरताना वळणावर ब्रेक दाबला, तर सायकल थांबलीच नाही. समोर दरी होती. तिनं हँडल बांधाच्या अंगाला वळवलं आणि कारवीच्या झुडपात जाऊन आदळली. कोपर सोललं, पुढचं चाक वाकडं झालं. पिशवी प्लॅस्टिकमध्ये होती, ती कोरडी राहिली. बराच वेळ ती तशीच चिखलात बसून होती. नंतर तिनं जोतिबाला फोन लावला.

"ब्रेकचं रबर बघितलं हुतंस का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"चिखलात म्हैन्याभरात झिजतंय त्ये. मग सायकल काय करील?"

लागलं का, हे त्यानं त्यानंतर विचारलं.

चाक काढून ती एस्टीनं वाईला गेली. जोतिबानं तारा आवळायची किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला बसला. एक तार आवळायची, समोरची सैल करायची, चाक फिरवून बघायचं. चाक सरळ व्हायला संध्याकाळ झाली. त्यानंतर दर आठवड्याला ती रबर बघते, घासलं असलं तर बदलते, चेनला तेल घालते. पाटणकडच्या क्रांती नावाच्या नव्या डाकसेविकेला तिनं हे सगळं फोनवर सांगितलं, तर क्रांती म्हणाली, एवढं कोण करत बसतंय, मी स्कूटीच घेते. अंजना म्हणाली, "घे की. तुजा रस्ता डांबरी हाय."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती सकाळीच बाहेर पडली. कॅरिअरवर काही नव्हतं. मेढ्यातून खाली कण्हेर धरणाच्या पाण्यापर्यंत गेली. तिकडची बाजू तिनं कायम एस्टीच्या खिडकीतूनच बघितलेली, त्यामुळं पाणी एवढं जवळ आहे हे तिला माहीत नव्हतं. काठावर तिला टपालवाली म्हणून ओळखणारा एक माणूस जाळं सोडवत होता. त्यानं विचारलं, "पोस्टात काय आलंय गं?"

"काय न्हाई. आज सुट्टी हाय," ती म्हणाली आणि टपरीवर चहा सांगितला.