राखून ठेवलेल्या चार ओळी

फोन आला तेव्हा मी हार्बरफ्रंटजवळच्या आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफीच्या रांगेत होतो. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून आलो होतो. इथली रीतच ती... पाकीट दिसलं की जागा धरलेली आहे असं समजायचं. दर शनिवारी जो आधी पोचेल त्याने दुसऱ्यासाठी पाकीट ठेवायचं, हा माझा आणि माझ्या मित्राचा, सुधाकरचा, शिरस्ता. तो हॉस्पिटलात होता, तरी सवयीने ठेवलं. नीलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो..."

त्याला आता महिना झाला. रडून झालंय. खरं सांगू? सुध्या आठवला की मला आधी हसूच येतं.

हा जहाज कंपनीतला इंजिनिअर. ब्रास बासाह भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला एक संग्रह मिळाला आणि गडी कामातून गेला. अठराव्या शतकात कुणा हौशी इंग्रजाने फाटक्या वह्यांतून, त्याच्याही कितीतरी आधीची गाणी गोळा केलेली. रुसलेल्या राण्या, बुडालेले दर्यावर्दी, नदीकाठी भावाची वाट पाहणारी बहीण. सुध्या ती मराठी ओवीत आणायचा आणि पुढ्यातला चिकन राइस निवत ठेवून मला म्हणून दाखवायचा. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा खुशाल मान डोलवायचे!

फक्त एका गोष्टीने त्याचं डोकं फिरे. जिथे मूळ पान फाटलेलं, तिथे त्या संग्राहकाने पदरच्या ओळी घुसडल्या होत्या. "दुसऱ्याच्या लुगड्याला आपलं ठिगळ, आणि वर सांगायचंही नाही!" सुध्या त्या ओळी गाळून वहीत कोरी जागा सोडायचा.

मला ती कोरी जागा बघवेना. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी गाणी टाइप करायला माझ्याकडे आली, तेव्हा बहिणीच्या गाण्यात मी गुपचूप चार ओळी घातल्या. पठ्ठ्या स्टेजवर वाचत सुटला, आणि टाळ्या नेमक्या त्यांनाच! त्याने माझ्याकडे जे पाहिलं... बाप रे. तीन शनिवार शब्द बोलला नाही. पाकीट मात्र तिन्ही शनिवारी टेबलावर होतं. चौथ्या शनिवारी म्हणाला, "ओळी वाईट नव्हत्या रे, पक्या. पण न विचारता पुन्हा हात लावलास तर याद राख."

मग मी पाच वर्षं विचारत राहिलो. एकदा तरी, एक तरी जागा दे! उत्तर ठरलेलं, "नाही म्हणजे नाही."

परवा वहिनींनी त्याची शेवटची वही हातात ठेवली. शेवटच्या गाण्यात चार ओळींची कोरी जागा, आणि त्या पानात चपटं झालेलं टिश्यूचं पाकीट. मला वाटलं, खूण असेल. त्याची लेक सई तिच्या इथल्या मिश्र बोलीत म्हणाली, "नो लाह, अंकल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी ठेवलं. बाबा सेड, 'ही पक्याची जागा आहे.'"

मी तिथेच बसून लहान पोरासारखा रडलो, आणि हसलोही.

चार ओळी लिहिल्या. शेजारी माझं नाव घातलं, ठिगळ कुणाचं ते कळायला हवं ना! शनिवारी समोरच्या खुर्चीपुढे पाकीट ठेवलं आणि अख्खं गाणं मोठ्याने म्हटलं. शेजारच्या आजोबांनी मान डोलावली.