वहिनी आणि ट्रॅक्टरचे तास

तुळशीला पाणी घालून झालं की आमच्या थोरल्या वहिनी सरळ ट्रॅक्टरच्या छपरात जायच्या, पदराच्या टोकानं मीटरची काच पुसायच्या आणि आकडा वाचायच्या. इंग्रजी आकडे त्या या मीटरवरच शिकल्या. जन्मात कधी त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही, पण सत्तरच्या दशकात आमच्या आष्ट्याच्या बाजूला जे मोजके ट्रॅक्टर होते, त्यांत आमच्याइतकं जपलेलं इंजिन दुसरं नव्हतं. ट्रॅक्टर मी चालवायचो, हुकूम मात्र त्यांचा.

हे खूळ थोरल्या दादांनी लावलेलं. दादा पलटणीत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. एका सुट्टीत त्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि परत जाताना वहिनींना मीटर समजावून सांगितला. मोटार किती मैल पळाली ते बघतात. ट्रॅक्टर दिवसभर एकाच रानात घुमतो, म्हणून त्याचं इंजिन किती तास राबलं ते बघायचं. इंजिन बंद तर मीटर गप्प, जोरात तर आकडा भराभर, नुसतंच फटफटत उभं असलं तर सावकाश. अडीचशे तास भरले की इंजिनातलं तेल बदलायचं, मग काम कितीही खोळंबो. "पेन्शनीत आलो की ह्याच इंजनावर रान नांगरणार हाय मी. तवर त्ये उघडायची पाळी येऊ देऊ नगंस," असं सांगून ते गेले. वहिनींनी तो शब्द मंगळसूत्रासारखा जपला.

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा व्हायची. कुणीतरी हौसेनं मीटरवरच गुलाल फासायचा आणि वहिनी आरती थांबवून आधी काच पुसायच्या. "आवं, कपाळाला लावा की! डोळ्यात कशाला घालताय?" घरातली सगळी हसायची, त्याही हसायच्या, पण काच लख्ख झाल्याशिवाय आरती पुढे सरकत नसे.

एकदा मी चेष्टेनं विचारलं, "वैनी, ट्रॅक्टर येऊन किती वर्सं झाली त्ये सोडून तास काय मोजत बसताय?"

त्या म्हणाल्या, "भावजी, माज्या लग्नाला लय वर्सं झाली. पर त्यातलं तुमचं दादा घरात किती ऱ्हायलं? खरं त्येच मोजायचं असतंय."

मग एका हंगामात, ऐन ऊसतोडीत, मीटरची केबल तुटली. सांगलीहून नवी येईपर्यंत आकडा जागच्या जागी उभा. मला तर बरंच वाटलं. रोज सकाळी तेलाची पट्टी काढून बघत होतो, तेल भरपूर दिसत होतं. वहिनी मात्र बेचैन. "मीटर झोपला म्हणून इंजन झोपलं का?" एक पिंप डिझेल किती तास पुरतं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी डिझेलवरून तास धरायला सुरुवात केली आणि एका सकाळी जाहीर केलं, "भरलं. आज तेल बदला."

बाहेर उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मी तडकलो. "वैनी, ऊस वाळतोय! वजन घटंल!"

"वाळू द्या. इंजन गेलं तर ह्ये आल्यावर मी काय दावू त्यास्नी?" किल्ली पदराच्या गाठीत बांधून त्या छपराच्या दारातच बसल्या. आईनं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं, पण बाई हलल्या नाहीत.

चरफडत मी खालचा बोल्ट सोडला आणि तेल पाण्यासारखं पातळ धारेनं पडलं. त्याला डिझेलचा भपकारा येत होता. आष्ट्याचे मिस्त्री आले. डिझेलच्या पंपातला पडदा फाटून थेंब थेंब डिझेल तेलात उतरत होतं. पट्टीवर मला भरपूर दिसायचं ते हेच. "आनखी चार खेपा केल्या असत्या, तर इंजन धरून जाम झालं असतं बगा," मिस्त्री म्हणाले. नवा पडदा बसला, नवं तेल पडलं, इंजिन उघडावं लागलं नाही.

गंमत अशी, की तास भरलेच नव्हते. डिझेल तेलात चाललेलं म्हणून पिंपं लवकर संपत होती, आणि वहिनींचा हिशेब त्याच पिंपांवर. हे कळल्यावर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आगं बया! म्हंजी माजं गणित चुकलंच की!" मला हसू आलं नाही. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. चुकीच्या गणितानंही राखण करणारं हे माणूस कुठल्या मातीचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

दादा पेन्शनीत आले, त्या सकाळी वहिनींनी गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातात दिली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. दादा बॉनेटवर हात ठेवून नुसते ऐकत उभे राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे. मग मला बाजूला करून ते सीटवर बसले, वहिनींना मडगार्डवर बसवलं आणि दोघं रानाकडे गेली.

त्यानंतर वहिनींनी मीटर कधीच बघितला नाही. मी विचारलं, तर चुलीपुढून मान वर न करता म्हणाल्या, "ह्ये घरात हायेत. आता मी कशाला मोजू?"

आज दोघंही नाहीत. छपरात नवा ट्रॅक्टर आहे. सकाळी मी त्याच्या मीटरची काच पुसतो.