तेराव्या महिन्यात जन्मलेली सोस्ना

वुब्शेत मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. मुक्या पेटीच्या पाठीत थाप घालून तिला बोलती करायचा. म्हणून शिक्षण कचेरीत कंप्युटर आला तेव्हा त्याच्यापुढे यालाच बसवला. गाव त्याला 'गाशे' म्हणे, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं.

आता आमच्या इथिओपियात महिने तेरा. शेवटचा पागुमे, पाच-सहा दिवसांचं शेपूट. मग मेस्केरेम, नवं वर्ष. कंप्युटर पडला परदेशी. तेरावा महिना दिसला की लाल अक्षरांत ओरडायचा. आया तोंडी सांगतील त्या जन्मतारखा भरताना गाशेनं तोड काढली: पागुमेतली पोरं सरळ मेस्केरेमच्या एक तारखेला ढकलायची. "चार दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय!"

बिघडलं ना! मेस्केरेम लागायच्या आधी ज्याला सात वर्षं पूर्ण, त्यालाच पहिलीत जागा. येशीवर्कच्या लेकीचं, सोस्नाचं, नाव यादीत आलंच नाही.

"गाशे, माझी पोर पागुमेतली, रुफाएलच्या सणाच्या पावसात झाली! अख्खी आळी त्या पवित्र पावसात न्हात होती. तुम्हीसुद्धा, उघडेबंब!"

"हो गं बाई, आठवतंय. ओरडू नकोस, साहेब आत आहेत."

गाशेनं यादी काढणारी क्वेरी उघडली. अट होती, 'एक तारखेच्या आधी'. ती 'एक तारखेपर्यंत' केली. सोस्ना आली, पण तिच्यामागून खरोखर नव्या वर्षाला जन्मलेलीही घुसली. पागुमेतली कोण आणि मेस्केरेमची कोण, कंप्युटरला सगळी सारखीच. थाप मारून बघितली. गेलेली तारीख थोडीच बोलणार!

दुसऱ्या दिवशी दारात आयांची रांग. "आमचाही रुफाएलचाच!" "चल गं, तुझा तर नव्या वर्षाच्या कोंबडीबरोबर झाला!"

साहेब बाहेर आले. "खरं कोण, सांगता येतं?"

"सोस्नाचं येतं, साहेब."

"बाकीच्यांचं?"

गाशेनं नकारार्थी मान हलवली.

"मग कुणाचंच बदलायचं नाही."

पागुमेच्या तीन तारखेला, रुफाएलच्या दिवशी, पाऊस आला. कचेरी सोडून सगळे अंगणात. सोस्ना चिंब भिजून खिडकीशी आली.

"गाशे, मी आज सात वर्षांची झाले ना?"

"झालीस गं."

"मग शाळेत घ्या की."

गाशेच्या पाठीमागे पडद्यावर लाल अक्षरं होती. त्यानं आजची तारीख पुन्हा एकदा घालून पाहिली होती.

"गाशे, ऐकलंत का?"

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि पावसात तसाच धरून ठेवला.